नावात हाड नाही

नाना बारशाला आले की आधी बाळाचे पाय मागायचे. बाकीची मंडळी नाक कुणाचं, रंग कुणाचा यावर वाद घालत असायची आणि हा सहा फुटी म्हातारा चष्मा कपाळावर चढवून, पाळण्यावर वाकून दुपट्याची गाठ सोडायला लागायचा. तोंडाकडे ढुंकूनही बघायचा नाही. दोन्ही तळवे हातात घ्यायचा, टाचा दाबायचा, मांड्या बाजूला करून बघायचा आणि मग "पास!" असं म्हणून घुगऱ्यांच्या ताटाकडे वळायचा. काशीतल्या आमच्या मराठी घरांत आज्यांना हे अजिबात आवडत नसे. एकदा एक आजी फणकाऱ्यानं म्हणाल्या, "नाना, पायगुण बघता की काय?" नाना म्हणाले, "हो, पण दोन्ही पायांचा बघतो. तुम्ही एकाचाच बघता."

नाना हाडांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मंगला गौरी मंदिराच्या उतारावर एका खोलीचा दवाखाना चालवायचे. गल्लीत त्यांना पाठीमागे सगळे हाडनाना म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. नाव घेतलेलं ऐकू आलं की ते गल्लीच्या मधोमध उभे राहून समोरच्याचा वर्ग घेत. "ऑर्थोपेडिक्स. या नावात हाड कुठंय, दाखव. नाहीच आहे! दोन ग्रीक शब्द आहेत. एकाचा अर्थ सरळ, दुसऱ्याचा अर्थ मूल. पावणेतीनशे वर्षं झाली, एका फ्रेंच म्हाताऱ्या डॉक्टरानं हे नाव बनवलं. कुणासाठी? डॉक्टरांसाठी नाही. आईबापांसाठी, आणि मूल वाढवणाऱ्या सगळ्यांसाठी. घरच्या घरी मुलाचं अंग सरळ कसं राखावं, त्याचं नाव हे. हाडं नंतर भाडेकरू म्हणून आली आणि घर बळकावून बसली." बनारसमध्ये भाडेकरूची उपमा कुणालाही लगेच पटते. ऐकणारा मान डोलवायचा आणि दोन दिवसांनी पुन्हा हाडनानाच म्हणायचा.

या नावापायी त्यांनी एकदा चांगलीच फजिती करून घेतली होती. दवाखान्याच्या पाटीवर 'हड्डी एवं जोड़ रोग' असं रंगवलेलं होतं. ते पुसून त्यांनी 'बच्चों को सीधा करने वाले डॉक्टर' असं लिहून घेतलं. आठवडाभरात कान धरून आणलेल्या पोरांची रांग लागली. एक बाई म्हणाली, "डाक्टर साहब, ई पढ़ता-लिखता कुछ नहीं है, दिन भर पतंग उड़ाता है, जरा सीधा कर दीजिए." नानांनी त्या पोराचा पाठीचा कणा तपासला, पतंग कुठल्या छतावरून उडवतो ते विचारून घेतलं आणि कठडा नसलेल्या छतावर जायचं नाही असा दम भरून परत पाठवलं. नानी, म्हणजे त्यांच्या पत्नी, यांनी दुसऱ्याच दिवशी पेंटरला बोलावून जुनी पाटी करून घेतली. नाना दोन दिवस जेवले नाहीत म्हणे, पण मला ते खरं वाटत नाही. जेवण सोडणारा माणूस नव्हता तो.

घाटाच्या पायरीवर घसरून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या त्यांच्याकडे फार यायच्या. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांनी नानांना पुष्कळ काम दिलं. ऐंशी वर्षांच्या बाईलाही ते 'बच्ची' म्हणत. "आमच्या नावात मूल आहे, तेव्हा माझ्या दारात आलेलं प्रत्येक माणूस मूल. बच्ची, रडायचं असलं तर रडून घे, मग बघू." आणि त्या खरोखर रडून घ्यायच्या. नातवंडांसमोर कधी न रडलेल्या बायका नानांच्या बाकावर पदर तोंडाला लावून मनसोक्त रडताना मी पाहिल्या आहेत. मीही त्याच बाकावर रडले आहे.

मी वाईची. लग्न होऊन काशीला आले तेव्हा मला हिंदी येत नव्हतं आणि सासूबाईंचं मराठी कळत नव्हतं, कारण त्यात निम्मं हिंदीच असे. सासूबाईंना सगळे माई म्हणत. सासरे नव्हते. नवरा वेदपाठशाळेत व्याकरण शिकवायचा, मी एका शाळेत गणित. घर मंगला गौरीच्या मागच्या गल्लीत, देवघर घराच्या मधोमध, आणि घराचं घड्याळ म्हणजे माईंचं सोवळं. पहाटेची आंघोळ, सोवळ्याची लोकरीची धाबळी, पूजा, नैवेद्य. माझी आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. रेवा. नर्सनं तिला माझ्याजवळ आणून ठेवलं तेव्हा तिचा उजवा पाय आत वळलेला होता. तळवा पार दुसऱ्या पायाकडे बघत होता. "मालिश करिए, ठीक हो जाएगा," असं म्हणून नर्स निघून गेली.

माईंनी पाय पाहिला आणि एकच विचारलं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" मी चिरलं होतं. दुधी. शाळेतून येऊन भूक लागली म्हणून. मी ते कबूल केलं. माई रागावल्या नाहीत, पण त्यांनी देवापुढं तुपाचा दिवा लावला तो अखंड ठेवला. मला त्या दिव्याकडे बघवत नसे. बाराव्या दिवशी बारसं ठरलं. नाना येणार हे ठरलेलंच. माईंनी रेवाला लांब झबलं घातलं, वरून दुपटं, त्यावर शाल, आणि असं काही घट्ट गुंडाळलं की फक्त नाक दिसत होतं.

नाना आले आणि म्हणाले, "पाय?"

"आत्ताच डोळा लागलाय," माई म्हणाल्या. "बच्चीला ठंड लागेल. मग बघा."

"बघतो मग," म्हणून नाना बसले. नाव ठेवून झालं, पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या, पाहुणे गेले. नाना बसूनच. माईंनी त्यांना दोनदा चहा दिला आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. मी आतल्या दारात उभी होते. त्या घरात मला दोनच वर्षं झाली होती आणि माईंच्या शब्दाबाहेर मी पाऊल टाकलेलं नव्हतं. पण मला एकाएकी वाटलं की हा माणूस आता उठून गेला तर आपण हा पाय जन्मभर गुंडाळतच राहू. मी पुढं झाले, शाल काढली, दुपटं सोडलं आणि रेवाला नानांच्या मांडीवर ठेवलं.

नाना 'अरेरे' म्हणाले नाहीत. त्यांनी तो पाय अंगठ्यानं हलकेच चाचपला. "मऊ आहे," ते म्हणाले. "बारा दिवसांची आहे. बिलकुल वेळेवर भेटलीस बच्ची." मग मी दुधीची गोष्ट सांगितली. ती सांगितल्याशिवाय मला पुढचं काही ऐकूच आलं नसतं. नाना गंभीरपणे म्हणाले, "दुधी चिरलास, तर वाकडा व्हायचा तो दुधी. मुलीचं काय त्यात? वहिनी, त्या दिवशी अख्ख्या बनारसमध्ये सब्जी चिरली गेली, ऐकताय ना?" माईंनी तोंड फिरवलं. पण दुसऱ्या दिवशी तो दिवा नेहमीच्या वेळेला शांत झाला.

पुढचे दोन महिने दर बुधवारी प्लास्टर. नानांचा हात मी तेव्हा पाहिला. आधी मला दूध पाजायला बसवायचे आणि ती पीत असताना पाय थोडासा, अगदी थोडासा बाहेर वळवून धरायचे. एका बुधवारी मी विचारलं, आज अजून थोडा नाही का वळणार? "घाई नाही, सूनबाई. आपण फिरवतोय हे पायाला कळता कामा नये." पाच प्लास्टरं झाली, टाचेमागची शीर सैल करायला एक बारीक छेद घेतला, आणखी तीन आठवडे प्लास्टर, आणि एके दिवशी ते कापलं तर आत सरळ पाय. मी त्या बाकावर बसून रडले ते तेव्हा. नाना म्हणाले, "रडून घे, पण नाचू नकोस. आत्ता कुठं निम्मं झालंय. आता माझं काम संपलं, तुमचं सुरू."

तुमचं म्हणजे बुटांचं. लखनौहून मागवलेले दोन बूट, मधे लोखंडी पट्टी, पाय बाहेर वळवून धरणारी. तीन महिने रात्रंदिवस, फक्त आंघोळीपुरते काढायचे. मग झोपताना, चार वर्षांची होईपर्यंत. "बूट सुटले की पाय परत फिरतो," नाना म्हणाले. "त्याला जुनी सवय आठवते. तेव्हा दया करायची नाही." मी मान डोलावली. महिन्याभरानं माझी रजा संपली. सकाळी सात ते एक मी शाळेत आणि रेवा माईंजवळ.

दुसऱ्या महिन्याच्या तपासणीला नानांनी पाय हातात घेतला आणि गप्प बसले. ते गप्प बसले की भीती वाटायची, कारण तो माणूस इंजेक्शन देतानाही बोलायचा. "बूट किती तास?" त्यांनी विचारलं.

"तेवीस," मी म्हटलं.

"पाय म्हणतोय, सतरा-अठरा."

मी जीव तोडून सांगितलं की मी स्वतः बांधते, शाळेतून आले की बांधलेलेच असतात. नानांनी रेवाची टाच मला दाखवली. वर उचललेली. पाय पुन्हा आत निघाला होता. त्यांनी मला एका शब्दानंही टोचलं नाही, पुन्हा तीन प्लास्टरं लागतील एवढंच सांगितलं, आणि याउप्पर बूट सुटले तर मोठी शस्त्रक्रिया लागेल, पाय कायमचा आखडेल, हेही सांगितलं. ते मात्र त्यांनी लपवलं नाही.

घरी येऊन मी माईंशी भांडले. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि असं भांडले की शेजारच्या छतावरची माकडंसुद्धा गप्प झाली. नवऱ्यानं अशा वेळी जे करायचं ते केलं, व्याकरणाचं पुस्तक उघडलं. माईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चामडं आहे ते."

"काय?"

"बूट चामड्याचे आहेत. पोर रडली की कडेवर घ्यावी लागते. अंगात धाबळी असते, चुलीवर नैवेद्य असतो. चामडं लागलं की आंघोळ. पहिले पंधरा दिवस केली. तीन-तीनदा. ठंडा पाणी. मग बुखार आला, तुला आठवत असेल. म्हणून पूजेपुरते काढायला लागले. पूजा झाली की परत बांधायचे, पण तोवर ती झोपलेली असायची, आणि झोपलेल्या पोरीला लोखंडात बांधायला माझा हात उठायचा नाही. उठली की बांधायचे, तू यायच्या आत."

ऐन माघात माई दिवसातून तीनदा गार पाण्यानं आंघोळ करत होत्या, तापानं फणफणल्या होत्या, आणि मी शाळेतून येऊन त्यांना 'काढा घ्या' एवढंच म्हटलं होतं. मला माझीच लाज वाटली. पण रागही गेला नव्हता. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

नाना संध्याकाळी घरी आले. मला वाटलं आता माईंना फैलावर घेणार, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. नाना जमिनीवर बसले. एरवी गुडघ्यामुळे ते खुर्ची मागत.

"वहिनी, चूक माझी आहे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी लोकांना आमच्या शास्त्राचं नाव समजावतोय. पानवाल्यालासुद्धा सांगून झालंय. ते नाव आईबापांसाठी आणि मूल वाढवणाऱ्यांसाठी बनवलं, असं घशाला कोरड पडेपर्यंत सांगतो. आणि या घरात मूल कोण वाढवतंय? तुम्ही. तुम्हाला कुणी काही सांगितलंच नाही. मी सूनबाईला सांगितलं आणि घरी गेलो."

माईंनी पदर सारखा केला. त्यांच्याशी असं बोलणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता.

"सोवळं सोडा असं मी नाही म्हणणार. म्हटलं तर तुम्ही माझ्यासमोर हो म्हणाल आणि बूट पुन्हा सुटतील. चामडं चालत नाही ना? मग काय चालतं ते तुम्ही सांगा. मला त्यातलं काही येत नाही. इथं डॉक्टर तुम्ही."

माई उठल्या, देवघरात गेल्या, तिथं उगाच निरांजन इकडचं तिकडं केलं आणि परत आल्या. "लाकूड चालतं," त्या म्हणाल्या. "खडावा असतातच की. आणि लोकर चालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला आणि ते लखनवी बूट घेऊन रिक्षानं खोजव्याला गेले. तिथं लाकडी खेळणी करणारे कारागीर बसतात. एका म्हाताऱ्या मिस्त्रीपुढं नानांनी बूट ठेवले. मिस्त्री म्हणाला, "अरे डाक्टर साहब, हम त हाथी-घोड़ा बनाईला, जूता कइसे बनी?" नाना म्हणाले, "हाथी का पाँव बनाते हो न? बस, वही. ज़रा छोटा." मग दोघं खाली मान घालून तासभर बसले. किती अंशांनी पाय बाहेर वळायला हवा, टाच कुठं टेकायला हवी, हे नाना खडूनं लाकडावर आखून देत होते आणि मिस्त्री तीनदा चुकून चौथ्यांदा बरोबर कापत होता. दोन गुळगुळीत लाकडी तळवे आणि मधे लाकडी पट्टी. लोखंडाचा खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. त्यानं हौसेनं लाल रंग द्यायला घेतला, नानांनी थांबवलं.

वरचा भाग राहिला होता. लोकर कुठून आणायची याचा मी विचार करत होते, तोवर माईंनी आतून आपली धाबळी आणली. ती त्यांच्या सासूबाईंची, किरमिजी रंगाची, घरात सगळ्यात जपलेली चीज. त्यांनी ती जमिनीवर पसरली, रेवाचा पाय वर ठेवून खडूनं रेघ मारली आणि कात्री चालवली. मी 'अहो माई' म्हणेपर्यंत कोपरा हातात आला होता. चौपदरी कापड, आतून टाके, बांधायला लोकरीच्याच नाड्या. तीन प्लास्टरं होऊन पाय पुन्हा सरळ झाला तेव्हा नानांनी हे बूट घालून तो सगळीकडून दाबून पाहिला. "लखनौवाल्यांना पाठवा शिकायला," ते म्हणाले.

त्यानंतर आंघोळीपलीकडे बूट एकदाही सुटले नाहीत. उलट आता माईच आम्हाला पुरून उरल्या. उष्टावणाच्या वेळी फोटोपुरते बूट काढूया असं माझा नवरा म्हणाला, तर त्याला असं काही ऐकवलं की तो पुन्हा व्याकरणात शिरला. आंघोळीच्या सुट्टीतसुद्धा त्या घड्याळ बघत. रेवाचा पाय वाढेल तसं खोजव्याला नवं माप जायचं आणि धाबळीचा आणखी एक तुकडा निघायचा. चार वर्षांत सात जोड झाले. सातव्या जोडानंतर धाबळीचा फक्त काठ उरला. माईंनी नवी धाबळी घेतली, पण ती टोचते असं म्हणायच्या.

दवाखान्यात अशा पोरांच्या आया यायच्या, त्यांना नाना बुटांचं समजवायचे आणि मग म्हणायचे, "आता माझ्या वहिनींकडे जा, दूसरी गली, पीला दरवाज़ा." माई त्या बायकांना चहा द्यायच्या आणि बुटांच्या आधी नावच सांगायच्या. "ई नाम हड्डी का नहीं है, बच्चा का है. एक बूढ़े ने रखा था, हम लोगों के लिए." फ्रेंच, ग्रीक हे त्यांनी गाळून टाकलं होतं. नानांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चाळीस वर्षांत एक विद्यार्थी मिळाला. बघ, तोही साठीचा."

माईंनी घरात आणखी एक नियम केला होता. पोरीसमोर पायाचा विषय काढायचा नाही. बूट का, असं रेवानं विचारलं की सगळी बाळं घालतात असं उत्तर. रेवानं त्यावर इतका विश्वास ठेवला की एकदा आत्याच्या घरी तिनं भावाला विचारलं होतं, तुझे झोपायचे बूट कुठं ठेवलेत? चार वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात नानांनी बूट बंद केले. पहिले दोन दिवस ती बुटांशिवाय झोपेना. मग विसरली.

नानी गेल्या आणि नानांची नजर उतरत गेली. मधलं दिसेना, कडेचं तेवढं दिसे. दवाखाना बंद झाला. मुलगा नागपूरला, तो त्यांना घेऊन गेला. तिथं ते दीड वर्ष होते. गेले तेव्हा मुलाचा फोन आला, सकाळी साडेदहाला, मी वर्गात होते. उचलला आणि मुलांना म्हटलं, पाढे म्हणा. त्यांचे पाढे चालू असताना मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. माझ्या आईला मी फारशी ओळखत नव्हते, म्हणून कुणी गेल्यावर पोरकं वाटतं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. माईंनी त्या दिवशी नैवेद्याचं पान वाढलं आणि स्वतः जेवल्या नाहीत.

पण माझ्या मनात राहिलेत ते नागपूरला जाण्याआधी आमच्याकडे आलेले नाना. दुपारची गाडी होती. मुलाच्या हाताला धरून सकाळी सगळ्या ओळखीच्या घरांत जाऊन आले, शेवटी आमच्याकडे. रेवा तेव्हा नऊ वर्षांची होती. नानांनी तिला चालून दाखवायला सांगितलं. ती ओसरीपासून जिन्यापर्यंत चालली, कंटाळली आणि परत येताना पळत आली. नाना डोळे मिटून ऐकत होते. पाऊल टेकल्याचा आवाज, एक, दोन, एक, दोन. मग त्यांनी तिला समोर बसवलं, दोन्ही पाय हातांत घेतले आणि पोटऱ्यांवरून अंगठे फिरवले. उजवी पोटरी किंचित बारीक आहे. ती तशी राहतेच. त्यांचा अंगठा तिथं थांबला हे मी पाहिलं.

"रेवा," ते म्हणाले, "वाकडा पाय कुठला होता गं?"

माई चहा गाळत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला. मी काही बोलणार होते, पण नानांनी मान हलवून मला थांबवलं.

रेवानं आधी माईंच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्या. मग नानांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे. कुणाबद्दल चाललंय तेच तिला कळेना.

"वाकडा?" ती म्हणाली. "कुणाचा, नाना?"